सहसंबंध आणि कारण : ‘हर-२’विषयक एका निबंधाचे परीक्षण

डेनिस स्लेमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला स्तनकर्करोगविषयक निबंध वारंवार उद्धृत होतो. तितक्याच काळजीने तो वाचला जातो, असे मात्र दिसत नाही. ‘हर-२ या जनुकामुळे अर्बुद वाढते आणि पसरते’ या विधानाला आधार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. वस्तुतः निबंधाचा दावा याहून पुष्कळ मर्यादित आहे.

तपासलेल्या १८९ अर्बुदांपैकी सुमारे ३० टक्क्यांत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळल्या. कोठे दुप्पट, तर कोठे वीसपटींहूनही अधिक. काखेतील लसीकाग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्या ८६ रुग्णांत अशा वाढीबरोबर रोग लवकर उलटल्याचे व आयुष्य घटल्याचे दिसले. शीर्षकात ‘सहसंबंध’ हाच शब्द आहे. रोगाच्या वर्तनात जनुकाचा वाटा असू शकेल, एवढेच लेखक सुचवितात. हा संयम त्यांच्या अनुयायांनी पाळला नाही.

वाढीपुरते बोलावयाचे तर कारणाचा पुरावा पुढे मिळाला. हर-२ हे पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक-प्रथिन होय. त्याला चेतविणारे स्वतंत्र द्रव्य ज्ञात नाही. आपल्या कुळातील प्रथिनांशी, विशेषतः हर-३शी, जोडी जमवून ते पेशीला विभाजनाचा संदेश पोचविते. प्रती वाढल्या की प्रथिन वाढते व संदेश अखंड चालू राहतो. या प्रथिनावर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाची रसायनोपचारास जोड दिली असता प्रगत रोगाच्या ४६९ स्त्रियांच्या चाचणीत आयुर्मानाचा मध्यांक २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांवर गेला, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. लाभ पाच महिन्यांहून कमीच. परंतु कारणाला अडविले असता कार्य मंदावते, हे त्याने दाखविले. केवळ सहसंबंधातून हे कधीच सिद्ध झाले नसते.

प्रसाराची गोष्ट निराळी. दुग्धनलिकेची सीमा न ओलांडलेल्या, म्हणजे अद्याप न पसरलेल्या, अर्बुदांच्या एका प्रकारात हर-२चे आधिक्य आक्रमक अर्बुदांपेक्षाही जास्त वेळा आढळते, अशी नोंद १९८८ मध्येच झाली होती. जनुक एकट्याच्या बळावर प्रसार घडवीत असते, तर असे दिसले नसते. उंदरांच्या स्तनपेशींत याच जनुकाचे अविकृत मूषकरूप घातल्यावर फुप्फुसांत दुय्यम अर्बुदे उद्भवली (१९९२), हे खरे. पण मूळ अर्बुदे दीर्घ काळानंतर आणि मोजक्याच ठिकाणी उगवली होती. जनुकाला अन्य बदलांची साथ लागते, असे मानणेच अधिक सयुक्तिक ठरते. नलिकेत सीमित असलेल्या अर्बुदात हर-२ आढळले, म्हणून ते पसरणारच असे लिहिणारा अभ्यासक १९८७च्या निबंधाच्या नावावर त्यात नसलेले विधान खपवितो, आणि अशा विधानाचा भार अखेर शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या स्त्रीवर पडतो.