‘स्वतः’ आणि ‘टिळक’

पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते. त्या वेळी घरोघरी कानी पडणारे शब्द जरा लक्ष देऊन ऐकावेत. कुठे ‘अहो, बसता ना पाटावर?’ तर कुठे ‘अरे, बस लवकर, निरांजन विझेल!’ ‘अहो’ म्हणणारी दबलेली आणि ‘अरे’ म्हणणारी बरोबरीची, असा निवाडा करून आपण मोकळे होतो. पण मराठीतील दोन आत्मकथने शेजारी ठेवून वाचली, म्हणजे हा निवाडा किती उतावळा आहे ते ध्यानात येते.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली निघाले. 1873 साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे. पुस्तकात रमाबाई पतीचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. नाव नाही, आडनाव नाही. जणू घरात ‘स्वतः’ म्हणवून घ्यावे असे माणूस एकच! न्यायमूर्तींनी पत्नीला शिकवले, घरातल्या बायकांचा विरोध सोसूनही शिकवले. पण एकदा त्या त्यांच्या मनाविरुद्ध वागल्या, तेव्हा ते ओरडले नाहीत; नुसते बोलेनासे झाले. त्या अबोल्याने रमाबाई व्याकुळ झाल्या आणि चूक त्यांनीच कबूल केली. अधिकार गाजवायला आवाज चढवावा लागतोच असे नाही. जिथे जिव्हाळा आहे, तिथे मौनाचा मार अधिक लागतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांनी पतीसाठी योजलेला शब्द सरळ आहे: ‘टिळक’. पतीचे नाव घ्यायचे नाही हा रिवाज राहिला आणि चार पावले दूर उभे राहून या माणसाकडे पाहण्याची सोयही झाली. टिळकांचा शीघ्रकोप, त्यांचा विसरभोळेपणा, त्यांची सढळ दानत, सगळ्यांवर लक्ष्मीबाई हसतात, आणि स्वतःच्या सोवळ्यावरही तितक्याच हसतात. पण या हसण्याने सत्ता कुठे गेली? 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले, तो निर्णय त्यांचा एकट्याचा. त्यापायी संसार मोडला आणि पाच वर्षांच्या आसपासची ताटातूट लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो मात्र स्वतःचे मन वळल्यावर. त्या पतीच्या मागून गेल्या खऱ्या. पण आपल्या पायांनी, आपल्या वेळी गेल्या.

तेव्हा लक्ष्मीबाई स्वतंत्र आणि रमाबाई परतंत्र, असे म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘स्वतः’ म्हणणाऱ्या याच रमाबाईंनी 1901 नंतर, पतीच्या पश्चात, सार्वजनिक काम पुढे नेले आणि पुण्याचे सेवासदन 1924 साली निधन होईपर्यंत सांभाळले. शब्दात नम्रता होती. कर्तृत्व नमते नव्हते.

तरीही वाचक म्हणून एक फरक मला जाणवतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. रमाबाईंच्या पुस्तकात न्यायमूर्ती बोलतात आणि त्या ऐकतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात दोघे भांडतात. म्हणूनच रानडे आपल्याला पूज्य वाटतात आणि टिळक ओळखीचे वाटतात. ज्याला उलट उत्तर देता येते, त्याच्याच जवळ बसता येते. आदर एका बाजूने करता येतो, जवळीक तशी होत नाही.

आज पुष्कळ घरांत ‘अहो’चे ‘अरे’ झाले आहे, आणि ते चांगलेच झाले. पण पत्नीने ‘मला हे पटत नाही’ म्हटल्यावर वर्तमानपत्रामागे किंवा मोबाईलमागे तोंड लपवणारा ‘अरे’, न्यायमूर्तींच्या अबोल्याहून फार पुढे गेला आहे काय? संबोधन बदलायला एक पिढी पुरते. ऐकून घ्यायची सवय मात्र प्रत्येक घराला नव्याने लावावी लागते. यंदा ओवाळणीबरोबर तेवढे तबकात पडले, तर पाडवा गोड होईल.