रोग, रोगी आणि राक्षस : ‘वॉरहॅमर’च्या खेळविश्वातील नर्गल

साथीच्या रोगाला चेहरा देणे ही मानवी कल्पनाशक्तीची जुनी सवय आहे. हान्स होल्बाइनच्या 1538 साली प्रसिद्ध झालेल्या मृत्युनृत्याच्या काष्ठमुद्रांत सांगाडा राजापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाला गाठतो. आर्नोल्ड ब्योक्लिनच्या 1898 मधील ‘प्लेग’ या चित्रात साथ एका पंखधारी प्राण्यावर स्वार होऊन गल्लीतून जाते. या प्रतिमा कितीही भीषण असल्या तरी त्यांत मारणारा आणि मरणारा या दोन स्वतंत्र आकृती राहतात. हे द्वैत जेथे पुसले जाते, तेथे रोगाच्या प्रतिमेचा नैतिक आशयच पालटतो. ‘वॉरहॅमर’ या इंग्रजी कल्पनाविश्वातील रोगजन्य दैत्यांचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ हा खेळ 1986 साली ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉपने प्रसिद्ध केला. भूमिका-खेळाचा रूपबंध नाटकाला जवळचा आहे. टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात, एक सूत्रधार त्यांच्यापुढे प्रसंग उभे करतो, आणि कृतींचे यशापयश फासे ठरवितात. येथील ‘साम्राज्य’ सोळाव्या शतकातील जर्मन भूमीच्या धर्तीवर कल्पिलेले आहे आणि त्यातील नायक बहुधा राजपुत्र नसतात. ते उंदीर पकडणारे, थडगी उकरणारे, भिकारी असतात. रोगराई या विश्वात पार्श्वभूमीला नसून दैनंदिन वास्तवाचाच भाग आहे.

या विश्वात अनागोंदीच्या चार प्रमुख देवता आहेत. त्यांपैकी नर्गल ही रोगाची, कुजण्याची आणि निराशेची देवता. तिचे सविस्तर चित्रण ‘रेल्म ऑफ केऑस’ या ग्रंथद्वयाच्या 1990 साली आलेल्या दुसऱ्या भागात, ‘द लॉस्ट अँड द डॅम्ड’मध्ये, आढळते. नर्गलचे दैत्य भयंकर असूनही आनंदी आहेत. महादैत्य ‘ग्रेट अनक्लीन वन’ फुगलेल्या, फाटलेल्या देहाचा, परंतु खेळकर आणि अनुयायांवर माया करणारा आहे. त्याच्या अंगाखांद्यावर ‘नर्गलिंग’ नावाची चिमुकली पिल्ले बागडतात. ‘बीस्ट ऑफ नर्गल’ हा प्राणी कुत्र्याच्या पिलासारखा लडिवाळ असून त्याच्या प्रेमळ स्पर्शानेच माणसे मरतात. खुद्द नर्गलला भक्त ‘आजोबा’ म्हणतात.

भरताच्या परिभाषेत बोलायचे तर येथे बीभत्साला हास्याची जोड मिळाली आहे. मिखाईल बाख्तिनने राबलेच्या संदर्भात ज्या विरूप देहाचे विवेचन केले, त्याच्याशी हे चित्र वरवर जुळते. परंतु बाख्तिनच्या विवेचनातील विरूप देह प्रसवणारा आहे. त्याच्या विघटनातून नवे जीवन संभवते आणि त्याचे हसू सत्तेला खाली खेचते. नर्गलच्या विश्वातही विपुल प्रसव आहे, मात्र जन्माला येतो तो रोगच. तेथील हसू कोणालाही मुक्त करीत नाही. ते केवळ प्रतिकार संपल्याची खूण आहे.

या रचनेचे मर्म ‘प्लेगबेअरर’ म्हणजे प्लेगवाहक या दैत्यात सापडते. एक डोळा, एक शिंग आणि सडलेला देह असलेला हा दैत्य मुळात माणूस असतो. ‘नर्गलची कूज’ या रोगाने जो मरतो, त्याच्यापासूनच प्लेगवाहक निर्माण होतो. म्हणजे येथे रोग रोग्याला केवळ मारीत नाही, तो त्याचे रोगात रूपांतर करतो. रोगी आणि रोग यांतील अंतर शून्यावर येते, आणि ज्याची शुश्रूषा करावयाची तोच ज्याचा संहार करावयाचा तो ठरतो.

मराठी लोकमानसातील रोगदेवतांशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. मराठीत ‘देवी’ हा शब्द रोगालाही लागतो आणि देवतेलाही. तथापि देवी ‘येतात’ आणि जातात. मरीआई गाडा करून वेशीपलीकडे पोचविली जाते. रोगी हे देवतेचे तात्पुरते अधिष्ठान असते आणि ती गेल्यावर वाचलेला माणूस माणूसच उरतो. नर्गलच्या कल्पनेत या पाठवणीला जागाच नाही.

प्लेगवाहकांचे नेमून दिलेले काम तितकेच अर्थपूर्ण आहे. जगातील रोगांची मोजदाद ते अखंड करीत असतात, परंतु रोग सतत बदलत असल्याने ती कधीच पुरी होत नाही. लंडनमध्ये सतराव्या शतकात मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या निघत आणि 1662 साली जॉन ग्रॉन्टने त्यांवरून लोकसंख्येचा अभ्यास मांडला. साथ समजून घेण्याचे साधन म्हणून ही मोजणी अवतरली. प्लेगवाहकाच्या रूपात तिचे विडंबन होते. ज्याची एके काळी गणना झाली तोच आता गणना करतो, आणि या गणनेतून कोणतेही ज्ञान निष्पन्न होत नाही. 2020 मध्ये कोविडच्या रोजच्या आकड्यांनी ज्यांची संवेदना बधिर झाली, त्यांना या प्रतिमेचे मर्म वेगळे सांगावयास नको.

सुसान सॉन्टॅगने 1978 मध्ये ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकातून रोगावर रूपके लादण्याच्या प्रवृत्तीवर आक्षेप घेतला होता. रूपकामुळे रोगी आपल्या रोगाचा अपराधी ठरतो, हे तिचे प्रतिपादन नर्गलला तंतोतंत लागू पडते. वेदना असह्य झालेला माणूस नर्गलला शरण जातो तेव्हा त्याची वेदना शमते, पण तो शत्रुपक्षाचा होतो. म्हणजे वेदनेपासून सुटका मागणे हेच पाप ठरते. अशा विश्वरचनेत संसर्गितांना जाळणारे दुष्ट न ठरता दूरदर्शी ठरतात. हा या कल्पनेतील सर्वांत धोकादायक आशय होय.

तरीही हा आक्षेप संहितेपुरता आहे, प्रयोगापुरता नाही. भूमिका-खेळाची संहिता नियमग्रंथात असते, पण त्याचा अर्थ खेळताना घडतो. कादंबरीचा वाचक रुग्णाकडे बाहेरून पाहू शकतो. खेळाडूचे पात्र मात्र स्वतःच संसर्गित होऊ शकते. त्याच्या चिवटपणाच्या अंकाविरुद्ध फासे टाकले जातात आणि ते अपराध पाहून पडत नाहीत. जी कथा रोगाला पाप म्हणते, तिचेच नियम त्याला योगायोग म्हणतात. त्यानंतर उरलेल्या खेळाडूंपुढे प्रश्न उभा राहतो तो दैत्याचा नव्हे, सोबत्याचा : त्याला सोडावयाचे, मारावयाचे, की उपाय नसतानाही त्याच्याजवळ बसावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर नियमग्रंथ देऊ शकत नाही. नर्गलचे विश्व रोग्याचे माणूसपण हिरावून घेते, परंतु ते हिरावले जाण्यापूर्वीचा काळ खेळाडूंच्या हाती ठेवते. या कल्पनेचे वाङ्मयीन मूल्य तिच्या दैत्यांच्या किळसवाण्या देहांत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते. ते मूल्य या मधल्या काळात आहे.