उसन्या हवामानातले बागकाम

बागकामावरील पुस्तिकांतून झाड लावण्याचे जे नियम दिलेले असतात, त्यांतले काही थंड देशांतील पुस्तकांतून जसेच्या तसे उचललेले असतात. नियम मुळात खोटे नसतात. आमचा आक्षेप एवढाच, की त्यांच्यामागचे कारण वाचकाला सांगितले जात नाही.

युरोपातील रोवन या झाडाचे उदाहरण घेऊ. हे गुलाबाच्या कुळातले झाड. त्याच्या तांबड्या फळांच्या घोसांवर पक्षी तुटून पडतात, म्हणून तिकडे ते बागेत हौसेने लावतात. सल्ला असा असतो, की पाने गळाल्यावर, नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रोप लावावे. ब्रिटनमध्ये हे अगदी योग्य आहे. तेव्हा झाड सुप्तावस्थेत असते. पाने नसल्याने बाष्पोच्छ्वास जवळजवळ थांबलेला असतो, माती ओली असते आणि तुटलेल्या मुळांना सावरायला सवड मिळते. पुढेही पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतच राहतो.

आता हा सल्ला मावळातल्या शिरगावी आणू. रोवन येथे येणार नाही. त्याचे बी कित्येक आठवडे ओल्या थंडीत राहिल्याखेरीज उगवत नाही आणि मावळातला हिवाळा तेवढा कडक नसतो. पण समजा, त्याच नियमाने आपण एखादे देशी रोप नोव्हेंबरात लावले. त्याला पुढचा भरवशाचा पाऊस जूनमध्ये, म्हणजे सात महिन्यांनी मिळेल! नियमाचे कारण असे, की मुळे जम धरेपर्यंत पाण्याची गरज आणि पुरवठा यांचा मेळ राहावा. आपल्याकडे हा मेळ जून-जुलैत बसतो. कारण समजले तर महिना आपला आपल्याला काढता येतो.

मावळात तर एका तालुक्यालाही एकच नियम पुरत नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पुणे शहरात साधारण ७००. शिरगाव या दोहोंच्या मध्ये येते. जमीनही सारखी नाही. नदीकाठच्या काळ्या मातीतला खड्डा भर पावसात पाण्याने भरलेल्या बादलीसारखा होतो. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. तीच माती उन्हाळ्यात भेगाळते. डोंगरउतारावरच्या मुरमात पाणी टिकतच नाही. ‘दोन फूट खड्डा घ्या, रोज पाणी घाला’ हे वाक्य दोन्ही जागी सारखेच कसे लागू पडेल?

याची परीक्षा विद्यार्थी करू शकतात. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, पुन्हा भरावा आणि दुसऱ्यांदा पाणी जिरायला किती वेळ लागतो ते मोजावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. तासाभरात जिरले तर आळे मोठे करून पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे. उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर घालावे, म्हणजे मुळे ओलाव्यामागे खोल जातात. रोप लावताना पिशवीत गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत आणि खोड मातीत गाडू नये.

पक्ष्यांसाठीच झाड हवे असेल, तर रोवनची जागा घेणारी झाडे येथे आहेत. भोकराची फळे पक्षी खातात आणि माणसे लोणच्यात घालतात. पांगारा फांदी खोचूनही येतो आणि पाने गळाल्यावर लाल फुलांनी भरतो. मधासाठी मैना, बुलबुल त्यावर गर्दी करतात. उंबरही उत्तम, मात्र भिंतीपासून दूर.

शेवटी हिशेबाविषयी. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा कार्यक्रम झाला. २०१९ साली उद्दिष्ट ३३ कोटींवर गेले. हे आकडे पावसाळ्यात लावायच्या रोपांचे. रोपाची कसोटी मात्र एप्रिल-मे महिन्यांत, नेमकी शाळेला सुट्टी असताना लागते. म्हणून खड्डे खणण्यापूर्वीच सुट्टीत पाणी कोण घालणार, शेळ्यांपासून रोप कोण राखणार, हे ठरवावे. तेवढ्यांना पुरतील इतकीच रोपे लावावीत. शाळेच्या नोंदवहीत दोन रकाने असावेत: जुलैत लावलेली रोपे आणि पुढल्या जूनमध्ये जिवंत असलेली. दुसऱ्या रकान्यात जे उरेल, तेच आपले वृक्षारोपण.