नाममुद्रा : हिप-हॉपच्या ध्वनिमुद्रिकांविषयी काही रोखठोक मते

उज्जयिनीसारख्या क्षेत्री बसून हिप-हॉपच्या ध्वनिमुद्रिकांवर अभिप्राय देणे हा पोरखेळ आहे, असे म्हणून काही वाचक नाक मुरडतील. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्या माळव्यात तुरा आणि कलगी यांचे सामने रात्र रात्र रंगत आले, ज्या शहरात बालमुकुंद गुरूंच्या माचांनी ढोलकीच्या ठेक्यावर सबंध नाट्य उभे केले, तेथल्या कानाला तालावर तोललेला बोल परका वाटण्याचे कारण नाही. कोकणातल्या वाचकांना शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब ठाऊक आहेत. गोव्यातल्यांना तियात्रातली कांतारां, आणि त्यांत सत्ताधाऱ्यांची होणारी झाडाझडती ठाऊक आहे. तेव्हा 'हे गाणे नव्हे, नुसती बडबड आहे' हा आक्षेप निदान आपण तरी घेऊ नये. हरिदासबुवा तालावर आख्यान बोलू लागले की त्याला आपण बडबड म्हणत नाही.

या प्रकाराचा जन्म कसा झाला ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यातच पुढच्या गुणदोषांचे मूळ आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने, बहिणीने योजलेल्या एका मेजवानीत तबकड्या वाजविल्या. गाणे थांबून केवळ ढोलताशे उरतात त्या जागी नाचणाऱ्यांना चेव येतो, हे त्याने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवू लागला. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातले एक आवर्तन उचलायचे, ते लांबवायचे, आणि त्यावर आपला शब्द चढवायचा. उसना ताल आणि स्वतःचा शब्द अशी ही जोडी आहे. आणि या जोडीत नाव कोणाचे लागते, या प्रश्नाशी आमची बहुतेक मते येऊन थांबतात.

रॅप करणारा पहिल्या काही ओळींतच आपले नाव सांगतो, आणि पुढे अल्बमभर सांगत राहतो. पुष्कळांना हा उद्धटपणा वाटतो. आम्हांला तसे वाटत नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रण केले तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती आपले नाव उच्चारीत असे. तबकडी जर्मनीत तयार होणार, तेथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळावे, हा त्यातला व्यवहार होता. आपल्या संतांनी तर अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा हा रिवाजच करून टाकला. जो समाज ज्याचे नाव घेत नाही, त्याने ते स्वतः घेतले तर बिघडले काय? परंतु याच माळव्यात एक दुसरीही रीत आहे. येथल्या कबीर-मंडळ्या तंबोरा, करताल घेऊन रात्रभर जी पदे गातात, त्यांतली कितीतरी कबीराची नव्हेत असे जाणकार सांगतात. कोण्या अनाम माणसाने पद रचले आणि खाली मुद्रा कबीराची ठेवली. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडी गावच्या प्रह्लादसिंह टिपानियांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तीही या सामूहिक, नाव पुसून उरलेल्या धनाचे उत्तम गायन केल्याबद्दल. येथला माणूस स्वतःचे पद दुसऱ्याच्या नावावर करीत होता. हिप-हॉपमध्ये पुष्कळदा दुसऱ्याचे संगीत स्वतःच्या नावावर होते. या दोन टोकांच्या मधे कोणता अल्बम कोठे बसतो, एवढेच आम्ही ऐकून पाहिले.

नॅसचा 'इलमॅटिक' (१९९४) आम्हांला अजूनही निर्दोष वाटतो. अवघी दहा प्रकरणे, चाळीस मिनिटांच्या आतला मामला. नॅस त्या वेळी जेमतेम विशीचा. क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीतला हा तरुण 'मी' म्हणतो तेव्हा त्या 'मी'मधून जिना दिसतो, खिडकी दिसते, तुरुंगात गेलेला मित्र दिसतो. एका गाण्याला तर त्याने तुरुंगातल्या मित्राला लिहिलेल्या पत्राचेच रूप दिले आहे. आटोपशीरपणा हा आमच्या मते या कलेचा पहिला गुण आहे, आणि आजचे वीस-पंचवीस गाण्यांचे अल्बम तो विसरले आहेत. लांबट अल्बम ऐकताना आम्हांला त्या यजमानाची आठवण येते, जो पानावर जागा नसतानाही वाढीतच राहतो.

लॉरिन हिलच्या १९९८ सालच्या अल्बमाची सुरुवात वर्गातल्या हजेरीने होते. गुरुजी एकेक नाव पुकारतात, मुले 'हजर' म्हणतात, आणि लॉरिन हिल हे नाव येते तेव्हा उत्तर येत नाही. जेथे सगळे नावाचा डंका पिटतात, तेथे ही बाई स्वतःच्याच अल्बमात गैरहजर राहते! पुढे गाण्यांच्या मधेमधे तोच वर्ग चालू राहतो. मुले प्रेम म्हणजे काय यावर बोलत असतात, आणि जे ती शाळेत शिकली नाही ते ती गाण्यांतून सांगते. गायन आणि रॅप ही दोन्ही एकाच गळ्यात इतक्या सहजतेने नांदलेली आम्ही अन्यत्र ऐकली नाहीत. मधली काही गाणी सुस्त आहेत, हे खरे. तरीही १९९९ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक त्याला मिळाले ते सर्वस्वी योग्य होते.

आता उसनवारीकडे वळू. पब्लिक एनिमीचा १९८८ सालचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टु होल्ड अस बॅक' हा पोवाड्याच्या जातीचा अल्बम आहे. त्यात शाहिराचा आवेश आहे आणि भोंग्यासारखे कानठळ्या बसविणारे वाद्यमेळही. त्यातल्या एका गाजलेल्या गाण्याचा ठेका जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'मधून आला. तो ठेका मुळात वाजविला क्लाइड स्टबलफील्ड या ढोलकवाल्याने. पुढे शेकडो गाण्यांत तो फिरला. स्टबलफील्डच्या पदरात त्यातले फारसे काही पडले नाही, आणि २०१७ साली तो वारला. अन्यायाविरुद्ध गर्जणाऱ्या या कलेच्या तळघरात हा अन्याय पडून आहे.

आपल्या घरचे उदाहरण याहून झोंबणारे आहे. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटात लता मंगेशकरांनी गायिलेले 'थोडा रेशम लगता है' हे गीत, संगीत बप्पी लाहिरी यांचे. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे 'ॲडिक्टिव्ह' हे गाणे अमेरिकेत गाजले. त्याचा प्राण म्हणजे लताबाईंचा तो आवाज, डीजे क्विकने उचलून फिरविलेला. नाव ना त्यांचे, ना लाहिरींचे. प्रकरण लॉस एंजलिसच्या न्यायालयात गेले आणि लाहिरींचा नामनिर्देश केल्यावाचून विक्री करू नये, असा हुकूम निघाला. ज्या अल्बमात हे गाणे होते त्याचे नाव 'ट्रुथफुली स्पीकिंग', म्हणजे 'खरे सांगायचे तर'! इंदुरात, आमच्यापासून सुमारे ५५ किलोमीटरांवर जन्मलेल्या आणि जिच्या वडिलांचे मूळ गोव्याच्या मंगेशीत, त्या गायिकेचा आवाज जगभर नाचविला गेला तो बेनावाने. आणि तरीही, प्रामाणिकपणे सांगतो, ते गाणे उत्तम वठले आहे. मूळ चित्रपटात जो आवाज मुजऱ्याच्या सजावटीत हरवतो तो येथे एकाकी, उघडा ऐकू येतो. चोरी आणि मर्मज्ञता एकाच हाताने केल्याचा हा नमुना आहे.

हा अल्बम डॉ. ड्रे यांच्या कंपनीने काढला होता. त्यांच्या स्वतःच्या 'द क्रॉनिक'विषयी (१९९२) एकच सांगतो : संगीत अव्वल, आणि स्त्रियांविषयीची दृष्टी आम्हांला सपशेल अमान्य. शिवीचे आम्हांला वावडे नाही. शिमग्याला बोंब मारणाऱ्या मुलखातले आम्ही. पण शिमगा थोड्या दिवसांचा असतो, आणि त्यात बोंब बलिष्ठाच्या नावाने मारली तरच तिला चव असते. घरातल्या बाईला हीन लेखून मोठे होणाऱ्या 'मी'मध्ये शौर्य कसले?

केंड्रिक लामारच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'ची (२०१५) रचना कीर्तन ऐकलेल्या माणसाला चटकन उमगेल. एक कविता तो आरंभी दोन-चार ओळींत म्हणतो आणि थांबतो. गाणे होते. पुन्हा तीच कविता, एक-दोन ओळी पुढे. बुवा जसे मूळ पदाकडे परत परत येतात आणि प्रत्येक खेपेस त्याचा अर्थ वाढलेला असतो, तसे हे चालते. अखेरीस कविता पूर्ण होते, आणि ती तो कोणाला ऐकवीत होता हे कळते : १९९६ साली मारला गेलेल्या टुपाक शकुरला. टुपाकच्या जुन्या मुलाखतीतली उत्तरे घेऊन हा संवाद जुळविला आहे. म्हणजे पुन्हा उसनवारीच. पण ज्याचे घेतले त्याचे नाव घेऊन, त्याच्यापुढे शिष्यासारखे बसून. मधल्या भागात अल्बम जड होतो, एकदोन ठिकाणी वाद्यमेळ शब्दांवर कुरघोडी करतो. तरीही या प्रकारातली इतकी मोठी बांधणी आम्हांला दुसरी ठाऊक नाही. २०१८ साली पुलित्झर पारितोषिक त्याच्या पुढच्या 'डॅम' या अल्बमला मिळाले. आमचा कौल याला.

आपल्याकडे आल्यावर मापे बदलू नयेत. 'आपली पोरे आहेत, सांभाळून घ्या' ही सवलत त्यांनाही नको असेल. मुंबईच्या डिव्हाइनचे नेझीसोबतचे 'मेरे गली में' (२०१५) ऐकले तेव्हा आम्ही हरखलो होतो, कारण तेथे नाव गल्लीचे होते. २०१९ साली 'गली बॉय' चित्रपट आला, त्याच वर्षी 'कोहिनूर' हा अल्बम आला, आणि गल्ली हळूहळू पडद्यावर रंगविलेले दृश्य होऊन बसली. 'पुण्य पाप'मध्ये (२०२०) यशाने अस्वस्थ झालेला माणूस थोडा वेळ बोलतो, ते भाग खरे आहेत. 'गुनहगार'मध्ये (२०२२) मात्र पुन्हा विजयाची नौबत झडते. त्याच्या आवाजातली जरब वादातीत आहे. पण दिल्लीच्या टिळकनगरातल्या प्रभदीपचा पंजाबी 'क्लास-सिख' (२०१७) यांपैकी कशाहूनही सरस आहे. नशेने गिळलेली मुले, पोलीस, आईबाप, सारी वस्ती त्यात आहे. सेझ ऑन द बीटने दिलेले संगीत इतके विरळ ठेवले आहे की शब्दांमधली शांतताही ऐकू येते.

पुण्याचा एमसी स्टॅन आमच्या घरांतली मुले तोंडपाठ म्हणतात. 'तडीपार' (२०२०) हे नावच पोलिसी मराठीतले. त्याची भाषा वस्तीतली हिंदी, मराठीच्या कडेकडेने चालणारी. तिला अशुद्ध म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की आमची उज्जयिनीची मराठीही शिंद्यांच्या राज्याबरोबर येथे आली आणि माळवीच्या शेजारात वाढली. पुण्याच्या पाहुण्यांनी तिलाही पुष्कळदा हसून घेतले आहे. रामचंद्रबाबा शेणव्यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले तेव्हापासून आमचे तोंड दुभाषी आहे. तेव्हा स्टॅनची भाषा आम्हांला उणी वाटत नाही. उणे वाटते ते सांगणे. यंत्राने वाकविलेल्या आवाजात कधीकधी असे काही आर्त निघते की ऐकणारा चमकतो, आणि पुढच्याच ओळीला दागिने, पादत्राणे व कोणा मुलीची निंदा. संगीत तो स्वतः रचतो, या कर्तबगारीला 'इन्सान'पर्यंतही (२०२२) साजेसा विषय सापडलेला नाही.

उरला मुंबईच्या 'स्वदेशी' मंडळीचा 'चेतावनी' (२०२०). एमसी मवाली मराठी-हिंदीत, एमसी तोडफोड गुजरातीत, कोणी बंगालीत. एकाच फडात इतक्या भाषा, आणि कोणी कोणाचे भाषांतर करीत बसत नाही. त्याआधीच्या 'द वारली रिव्हॉल्ट'मध्ये (२०१९) त्यांनी आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेतले, आणि नाव घालून घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या गाडीतळासाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. गाणे झाडे वाचवू शकले नाही, पण ती कोणाची होती हे ऐकणाऱ्याला ठाऊक झाले होते. अल्बमात उणिवा आहेत. घोषणा पुष्कळ, चित्रे थोडी. एकाच पट्टीतला संताप तिसऱ्या गाण्यानंतर कानाला सवयीचा होतो. आणि मराठी जेथे येते तेथे ती बहुधा ललकारीपुरती येते, कथन करावयास बसत नाही. एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. गुजराती न समजणाऱ्या आमच्या मित्रांनाही त्याचे कडवे आले की ओळखू येते, कारण तेथे सगळ्यांचा श्वास एकदम वेग धरतो. मराठीत असे कडवे आम्हांला एकेका सुट्या गाण्यात ऐकू आले आहे. त्याचा सबंध अल्बम कोणी काढील तर आम्ही तो पैसे मोजून घेऊ, आणि दोष असतील ते याच पानांवर सांगू.