लाकडाला मींड कशाला?

परवा रामटेकला, गडाखालच्या एका घरगुती मैफलीत काष्ठतरंग, म्हणजे छड्यांनी वाजणारं लाकडी पट्ट्यांचं वाद्य, ऐकलं. वादक तरुण, हात तयार. आलापीला बसला आणि दोन्ही छड्या एकाच पट्टीवर थरथरवत दरबारीचा गांधार आंदोलित करायला निघाला. ज्या वाद्यात स्वर जन्मजात पक्के, त्यावर दरबारी! शेजारचे काका मान डोलवत म्हणाले, "अगदी सतारच वाटते हो!" त्या दादेनेच मला लिहायला बसवलं.

तरंगवाद्यांचं हे दुखणं जुनं आहे. १९५५ साली मुंबईत पंडित शिवकुमार शर्मांनी संतूर मांडलं, तेव्हाही 'मींड कुठे?', एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता घसरणं कुठे, हाच सवाल होता. त्यांनी तारेवर कलम घासत, थरारत नेऊन स्वर लांबवला. उल्हास बापटांनी तर संतूर बाराही स्वरांत लावलं, म्हणजे राग बदलला तरी तारा पुन्हा जुळवायला नकोत. आणि मींडेचं स्वतःचं तंत्रही शोधलं. हे सारं तारेवर शोभतं, कारण आघातानंतरही तार बोलत राहते. बुजी लॉर्ड यांच्या व्हायब्राफोनचंही तेच, त्याची धातूची पट्टी रेंगाळते, पेडलने तिला गप्प करावं लागतं. मिलिंद तुळाणकरांच्या जलतरंगाकडे स्वर वाकवायला निदान पाणी आहे. लाकूड मात्र क्षणात विझतं.

आणि हेच त्याचं वैभव! फ्रेंच संगीतकार सां-साँसने १८७४च्या 'दान्स मकाब्र'मध्ये हाडांचा खडखडाट लाकडी पट्ट्यांच्याच झायलोफोनकडून काढून घेतला, तो याच कोरडेपणासाठी. पट्टी टोकांपासून साधारण बावीस टक्के आत टेकवतात, तिथे ती जवळजवळ स्थिर असते. खालून कमानीसारखी कोरतात, ती उपस्वर जुळवायला. झायलोफोनच्या मध्य षड्जाच्या पोटात म्हणून तार पंचम लपलेला असतो. त्याच जातीच्या मारिंबाच्या पोटात दोन सप्तकं वरचा षड्ज. आफ्रिकेत बालाफोनच्या पट्ट्यांखाली भोपळे बांधतात, आपल्या तंबोऱ्याचेच चुलतभाऊ म्हणा. जपानच्या केइको आबे यांनी यामाहाकडून मारिंबा चारावरून पाच सप्तकांवर नेऊन घेतला आणि त्याच्यासाठी नव्या रचना लिहिल्या, लिहवून घेतल्या. व्हायोलिनची नक्कल त्यांनी केली नाही.

आपल्याकडे काय चाललंय? मोबाइलवर सिनेमाच्या गाण्यांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे. त्यावर बोलू नये. फ्यूजनवाल्यांनी तर काष्ठतरंगाला शोभेचं पान करून ठेवलंय.

गंभीर मंडळी मात्र गायकीच्या धाकात. गळ्याला येतं तेच संगीत, ही समजूत कुणी दिली? मग तबल्याला काय म्हणायचं? तबलजीला कुणी 'भैरवी गाऊन दाखव' म्हणत नाही. त्याचा कायदा, पेशकार, रेला आहे. श्रोता त्याच्याकडे त्याच्या अटींवर जातो. काष्ठतरंगाला असा बाज कुणी बांधला का? हंसध्वनी, दुर्गा, कलावती यांच्या मध्य-द्रुत गती, डाव्या-उजव्या हाताचे सवाल-जवाब, तिहाईनंतरची ती लख्ख शांतता, हे सारं लाकडाला फुकट मिळालंय. सतारिया ती शांतता चिकारीने भरून काढतो, बिचाऱ्याला सवयच. पण ज्याच्याकडे ती आयती आहे, त्याने ती थरथरीने का बुजवावी?

गुरू म्हणतील, आलापी नाही तर राग कसला? राग काय फक्त विलंबितातच राहतो? द्रुत गतीत रागाची चाल दिसत नसेल, तर दोष गतीचा नाही, बांधणाऱ्याचा.

रामटेकच्या त्या पोराकडे हात आहे. पुढच्या खेपेला त्याने दरबारी घरी ठेवावी आणि बसल्या बसल्या झपतालात हंसध्वनी सुरू करावा. काकांना सतार हवी असेल, तर ती नागपुरात ऐकायला मिळते.