झोपेचे गणित : कोठे जुळते, कोठे चुकते

रात्रपाळी करून आलेला माणूस थकलेला असूनही दिवसा पुरेसा झोपू शकत नाही. असे का व्हावे? झ्यूरिचचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेले द्विप्रक्रिया प्रारूप याचे सुटसुटीत उत्तर देते. झोपेची 'निकड' जागेपणी चढते, झोपेत उतरते. मेंदूतील जैविक घड्याळ निकडीच्या दोन मर्यादा ठरवते. वरची गाठली की झोप लागते, खालची गाठली की जाग येते. दिवसा खालची मर्यादाच वर सरकते, म्हणून जाग लवकर येते.

डान व बीर्स्मा यांच्यासह बोर्बेलींनी १९८४ साली याला आकडे दिले. निकडीची कमाल पातळी १ धरू. जागेपणी निकड आणि १ यांतील अंतर दर १८.२ तासांनी सुमारे ३७ टक्के उरते. झोपेत निकडच दर ४.२ तासांनी ३७ टक्क्यांवर येते. एवढ्या थोड्या गृहीतांतून इतके काही उलगडावे, हे या प्रारूपाचे मोठे यश आहे.

आता त्याची परीक्षा घेऊ. रोज आठ तास झोपणाऱ्याची निजतानाची निकड ०.६२ येते. त्याला रोज सहाच तास झोपू दिले तर ती दुसऱ्या रात्री ०.६८, तिसऱ्या रात्री ०.६९ होते आणि तेथेच थांबते. म्हणजे प्रारूप म्हणते, दोन-तीन दिवसांत शरीराला सवय झाली!

प्रयोग मात्र वेगळेच सांगतो. व्हॅन डाँगेन व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी प्रौढांना सलग १४ रात्री चार किंवा सहा तासच झोपू दिले. त्यांच्या अवधानातील चुका दिवसेंदिवस वाढतच गेल्या. 'झोप येते आहे' ही जाणीव मात्र फारशी वाढली नाही. २००९ साली मॅक्कॉली व सहकाऱ्यांनी नवे प्रारूप मांडले. त्यात अनेक दिवसांत सावकाश साचणारा परिणामही धरला आहे.

मग जुने प्रारूप टाकाऊ ठरते काय? आम्हाला तसे वाटत नाही. झोप केव्हा लागेल व केव्हा मोडेल, यासाठी ते रचले होते आणि तेथे ते आजही उपयोगी आहे. चूक होते ती त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून काढताना. परीक्षेच्या दिवसांत 'मला सहा तास पुरतात, सवय झाली' असे एखादा विद्यार्थी सांगेल, तेव्हा शिक्षकांनी एवढे जरूर सांगावे : सवय जाणिवेला होते, अवधानाला नाही.