संश्लेषित जीवशास्त्र आणि लोकसंवाद : बदनापूरच्या संदर्भात

जनुकांचे सुटे भाग जोडून सजीवाला नवे कार्य देणे, हे संश्लेषित जीवशास्त्राचे उद्दिष्ट होय. अमेरिकेतील एमआयटीत २००३ साली अभ्यासवर्गरूपाने सुरू झालेल्या 'आयजेम'मुळे हा विषय विद्यार्थ्यांच्या हाती आला. पुण्याच्या आयसरचे संघही या स्पर्धेत उतरले आहेत. तीत लोकसंवादाचेही मूल्यमापन होते. तथापि, अनौपचारिक व्याख्यानांत विद्यार्थी जनुकाला खेळण्यातील ठोकळ्याची उपमा देतात, ती अपुरी ठरते. ठोकळा काढून ठेवता येतो. शेतात पेरलेले बियाणे निसर्गाच्या स्वाधीन होते.

जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाचेच मोठे नुकसान केले. बदनापूर कृषी संशोधन केंद्राच्या 'बीडीएन ७११' तुरीचे बियाणे शेतकरी स्वतः राखू शकतो. संकरित बीटी कापसाचे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्यामुळे येथील श्रोत्याचा पहिला प्रश्न 'हे कसे घडते?' असा नसून 'बियाणे कोणाचे आणि जोखीम कोणाची?' असा असणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाला स्थान न देणारे व्याख्यान माहिती पुरवते. त्याला लोकसंवाद म्हणता येणार नाही.